एकरी सव्वा डॉलर



ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला वर्षानुवर्षे चालत आली आहे, त्यांच्या स्मृतीस शोभेल असा तत्त्वज्ञानाचा, इतिहासाचा किंवा निदान राज्यशास्त्राचा एखादा प्रश्न वक्त्याने हाती घ्यावा, अशी या सभागृहाची अपेक्षा असणार, आणि ती रास्तही आहे. त्यामुळे पत्रिकेवर एका अमेरिकन मालिकेविषयीची प्रेक्षकांची मते हा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर मी कोणास दोष देणार नाही. परंतु विषय दिसतो तितका हलका नाही. समीक्षक एखाद्या कलाकृतीविषयी लिहितो तेव्हा तो तिऱ्हाईत असतो. त्या कथेशी त्याचे काही घेणे-देणे नसते. पण ‘हे शेत तुमच्या पणजोबाने असे मिळवले’ हे जी कथा सांगते, ती कथा खुद्द पणतूच पाहावयास बसला, तर त्याचे मत निव्वळ रसिकाचे मत उरते काय? ते वारसाचे मत होते. आणि वारसाची जबानी कोणत्या सावधगिरीने ऐकावी लागते, हे ज्यांनी दिवाणी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना मी सांगावयास नको.

मालिकेचे नाव म्हणजे केवळ एक साल आहे : ‘1883’. टेलर शेरिडन या लेखकाची ही निर्मिती पॅरामाउंट प्लसवर 19 डिसेंबर 2021 रोजी सुरू झाली आणि दहा भागांत, 27 फेब्रुवारी 2022 रोजी, संपली. ज्यांना ती पुढेमागे पाहावयाची असेल त्यांनी क्षणभर कानांवर हात ठेवावेत, कारण शेवट सांगितल्यावाचून मला एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला जेम्स डटन हा कप्तान आपली बायको मार्गारेट, तरुण मुलगी एल्सा आणि लहानगा जॉन यांच्यासह टेक्सासातील फोर्ट वर्थहून उत्तरेकडे निघतो. त्याच वाटेने जर्मनीहून नुकतेच आलेले, घोड्यावर बसण्याचाही सराव नसलेले निर्वासितांचे एक टोळके ओरेगॉनकडे चालले आहे. आणि त्या टोळक्याचे नेतृत्व शे ब्रेनन हा म्हातारा कप्तान करतो, ज्याची बायको आणि मुलगी देवीच्या साथीत नुकतीच गेली आहेत. वाटेत नद्या आहेत, लुटारू आहेत, वादळ आहे, आणि जवळजवळ प्रत्येक भागात एखादे मरण आहे. अखेरीस एल्साला बाण लागतो, ती वाचत नाही, आणि जिथे तिला मूठमाती द्यावी लागेल तिथेच घर बांधायचे असे बाप ठरवतो. ती जागा म्हणजे मॉन्टानातील एक खोरे. आणि त्या खोऱ्यातील जे विस्तीर्ण कुरण पुढे ‘यलोस्टोन’ या 2018 साली सुरू झालेल्या मालिकेचे रणक्षेत्र झाले, त्याचा उगम अशा रीतीने एका थडग्यात दाखवला आहे.

आता प्रेक्षकांचे मत म्हणजे काय, हे थोडेसे ठरवले पाहिजे. गाड्यांच्या काफिल्याची कथा अमेरिकन दूरचित्रवाणीला नवी नाही. 18 सप्टेंबर 1957 रोजी ‘वॅगन ट्रेन’ ही मालिका एनबीसीवर सुरू झाली. जॉन फोर्ड या दिग्दर्शकाच्या ‘वॅगन मास्टर’ या 1950 सालच्या चित्रपटावरून तिची कल्पना निघाली होती, त्या चित्रपटातला वॉर्ड बाँड हाच तिच्यात काफिल्याचा नायक मेजर ॲडम्स झाला, आणि दर आठवड्याला एका प्रवाशाची कहाणी त्याच प्रवाशाच्या नावाने सांगावयाची असा तिचा शिरस्ता होता. 1960 च्या नोव्हेंबरात वॉर्ड बाँड अकस्मात वारला, जॉन मॅकिन्टायर याने पुढे लगाम हाती घेतला, आणि काफिला चालतच राहिला. 1958-59 च्या हंगामात सर्वांत अधिक पाहिल्या गेलेल्या पहिल्या दहा कार्यक्रमांपैकी सात याच पश्चिमेच्या मुलखातले होते. 1961-62 मध्ये तर ‘वॅगन ट्रेन’ स्वतःच पहिली आली. या ढाच्याची मोहिनी एवढी होती की पुढे जीन रॉडनबेरी याने अंतराळयानाची आपली कथा वाहिनीच्या कारभाऱ्यांच्या गळी उतरवताना, ‘हा ताऱ्यांकडे निघालेला वॅगन ट्रेनच समजा’, अशा अर्थाची भाषा वापरली होती.

परंतु या सगळ्या यशाचा पुरावा कोणता? नील्सन या संस्थेची मोजदाद. निवडक घरांतील संच कोणत्या वेळी कोणत्या वाहिनीवर लावलेले होते एवढेच त्या काळी नोंदले जाई. त्या घरातील आजीबाई डोळे पुशीत होत्या की पेंगत होत्या, हे त्या दफ्तरात कुठेही दाखल नाही. आज स्थिती पालटली आहे. आजचा प्रेक्षक बोलतो, लिहितो, हुज्जत घालतो, एकाच दृश्यावर तास न् तास खल करतो. आणि ‘1883’ विषयी तर तो इतके बोलला आहे की त्या बोलण्याचे ढीग उपसल्यावर मला त्यात चार मोठे प्रवाह दिसले. पहिला, गोष्ट सालाशी जुळत नाही या तक्रारीचा. दुसरा, एल्साच्या निवेदनाचा. तिसरा, मरणाच्या अतिरेकाचा. आणि चौथा, जमीन मुळात कोणाची होती या प्रश्नाचा. चारही प्रवाहांना मी सारखा वेळ देणार नाही. पहिल्या आणि चौथ्यापाशी मला थांबावयाचे आहे. मधले दोन आपण वाटेत ओलांडू.

पहिली तक्रार मोठी मौजेची आहे. पहिल्याच भागात मार्गारेट आणि एल्सा फोर्ट वर्थला कशा येतात? आगगाडीने येतात. फलाटावर उतरतात, आणि मग घोडागाडीत बसून अर्धे खंड ओलांडावयास निघतात. चाणाक्ष प्रेक्षक विचारतो : बाई, आगगाडीतून उतरलातच कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फोर्ट वर्थला रूळ पोहोचले ते 1876 साली. पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारा पहिला लोहमार्ग 1869 सालीच पूर्ण झाला होता, आणि ओरेगॉनच्या प्रसिद्ध वाटेवरील गाड्यांची खरी गर्दी त्यापूर्वीच्या पंचवीस-तीस वर्षांतली होती. तेव्हा मिसूरीच्या काठावरून निघून सुमारे दोन हजार मैलांचा तो प्रवास पुरा करावयास पाच-सहा महिने लागत. गाड्यांना बहुधा बैल जोडलेले असत. आणि गाडीला कमानी नसल्यामुळे, शिवाय आत सामान खच्चून भरलेले असल्यामुळे, बहुतेक माणसे गाडीत बसण्याऐवजी तिच्या शेजारून पायीच चालत असत. म्हणजे मालिकेने 1850 च्या सुमाराची वाट उचलली आणि 1883 च्या सालावर आणून ठेवली.

आणि 1883 हे साल तरी कसले? त्याच वर्षी 8 सप्टेंबर रोजी मॉन्टानातील गोल्ड क्रीक येथे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा अखेरचा खिळा ठोकला गेला, आणि त्या समारंभास माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट हजर होते. त्या कंपनीचा अध्यक्ष हेन्री व्हिलार्ड हा जन्माने जर्मन. युरोपातील शेतकऱ्यांनी आपल्या रुळांलगतच्या जमिनींवर येऊन वसावे म्हणून त्याच्या कारकिर्दीत कंपनीने तिकडे मुखत्यार नेमले होते आणि जर्मन भाषेत पत्रके वाटली होती. एवढ्यावर भागत नाही. ज्या खोऱ्यात मालिकेने एल्साला पुरले आहे, त्या पॅरडाइझ खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या लिव्हिंग्स्टन गावी रेल्वे 1882 सालीच येऊन ठेपली होती, आणि 1883 मध्ये तिचा एक फाटा त्याच खोऱ्यातून यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानाकडे टाकला जात होता. म्हणजे डटन कुटुंब प्राणांची बाजी लावून जिथे पोहोचले, तिथे त्याच वर्षी सहलीची मंडळी तिकीट काढून पोहोचू लागली होती!

ही विसंगती लेखकास ठाऊक नव्हती असे मला वाटत नाही. ज्याने नायिकेला आगगाडीतून उतरवले त्याला आगगाडी ठाऊक होती. मग त्याने असे का केले? माझा समज असा आहे की येथे त्याने प्रेक्षकांतील वारसाची नाडी अचूक ओळखली. आगगाडीच्या तिकिटाने आलेल्या पूर्वजाविषयी पणतू काय सांगणार? आजोबा डब्यात बसले, खिडकीतून बाहेर पाहिले, स्थानकावर उतरले, आणि सरकारी कचेरीत जाऊन 160 एकरांचा अर्ज त्यांनी भरला. 1862 च्या होमस्टेड कायद्यान्वये असंख्य कुटुंबांना जमीन याच रीतीने मिळाली, आणि त्यात लाज वाटावी असे काही नाही. पण त्यातून वीरगाथा होत नाही. वारसाला असे वाटत असते की ही जमीन कागदाने आली नाही, ती रक्ताने आणि घामाने विकत घेतली गेली; आणि हे मोल जितके जबर दाखवावे तितका त्याचा आजचा कब्जा निर्वेध होतो. म्हणूनच मालिकेला आगगाडी ओलांडून बैलगाडीच्या काळात मागे जावे लागले.

या तक्रारीचीच आणखी एक बाजू पाहा. प्रेक्षकांनी रेल्वे पकडली. फोर्ट वर्थचा मार्शल म्हणून जो जिम कोर्टराइट दाखवला आहे तो खराखुरा इसम असला तरी त्याची मार्शलची कारकीर्द 1879 सालीच संपली होती, हेही जाणकारांनी पकडले. बंदुकीचा घोडा, खोगिराचा पट्टा, गाडीचे चाक, यांची झडती तर इतकी कसून झाली की आपल्याकडे ऐतिहासिक मालिकेतील पगडीचा पेच आणि तलवारीची मूठ तपासणाऱ्या मंडळींनी हेवा करावा. परंतु जी तारीख-तपासणी आगगाडीला लावली, ती माणसांना किती जणांनी लावली? मालिकेत कोमांचे या मूळ जमातीचे लोक मोकळ्या माळावर वावरताना दिसतात. वस्तुतः त्यांचे अखेरचे स्वतंत्र गट 1875 साली फोर्ट सिल येथे शरण आले होते. मालिकेत लाकोटा योद्ध्यांची टोळी आपल्या बायकामुलांच्या मारेकऱ्यांचा माग काढीत फिरते. वस्तुतः लाकोटांचा पुढारी सिटिंग बुल यानेही 1881 मध्ये शस्त्र खाली ठेवले होते, आणि 1883 पर्यंत माळावरील गव्यांचे अफाट कळप शिकाऱ्यांनी जवळजवळ नामशेष केले होते. गाडी चुकीच्या काळातली आहे असे ओरडणाऱ्या प्रेक्षकाला धनुष्यबाण चुकीच्या काळातला वाटत नाही, हे मला फार बोलके वाटते. मूळ रहिवासी चित्रात कायम घोड्यावर, कायम बाण ताणलेला असाच असावयाचा, अशी त्याच्या डोळ्याला सवय लागली आहे. राखीव मुलखात शिध्याच्या रांगेत उभा असलेला 1883 चा लाकोटा त्याला ओळखूच येत नाही.

जर्मनांचीही तीच गत. मालिकेतील जर्मन निर्वासित इतके असहाय, इतके अजाण रंगवले आहेत की पोरांनी हाताला धरून न्यावे. आणि टेक्सासातील खऱ्या जर्मनांचा इतिहास काय सांगतो? न्यू ब्राउन्फेल्स हे गाव त्यांनी 1845 साली वसवले, फ्रेडरिक्सबर्ग 1846 साली. आणि 1847 मध्ये त्यांचा पुढारी मॉयजेबाख याने कोमांचे सरदारांच्या मुलखात स्वतः जाऊन त्यांच्याशी तह केला. तो तह उभय पक्षांनी पाळला अशी तेथील परंपरा आजही अभिमानाने सांगते. रक्त न सांडता झालेल्या त्या वाटाघाटीवर दहा भागांची मालिका कोणी काढली आहे काय? काढली तर कोण पाहील, असा उलट प्रश्न निर्माता करील, आणि नील्सनचे दफ्तर त्याच्या बाजूने साक्ष देईल.

आता एल्साविषयी. इसाबेल मे या तरुण नटीने ही भूमिका केली आहे आणि सबंध कथा तिच्याच मुखाने सांगितली जाते. हे निवेदन म्हणजे मालिकेचा आत्मा आहे असे म्हणणारे प्रेक्षक पुष्कळ, आणि हे निवेदन ऐकून जीव विटला असे म्हणणारेही कमी नाहीत. मी स्वतः कोणत्या पक्षाचा? खरे सांगायचे तर दोन्ही. माळावर पाऊस नुसता पडत असताना, पाऊस म्हणजे काय हे निवेदिकेने समजावून सांगण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. छायाचित्रकाराने जे नीट दाखवले आहे ते लेखकाने पुन्हा बोलून दाखवावे, हा अविश्वास आहे. परंतु एक चातुर्य मान्य केले पाहिजे. पहिल्या भागाच्या आरंभीच जळत्या गाड्यांमध्ये, अंगात बाण घेऊन उभी असलेली एल्सा आपल्याला दाखवली जाते. तिचे भवितव्य प्रथमपासून आपल्या मनावर सावलीसारखे राहते. म्हणजे जमीन मिळवण्याची ही कथा कोण सांगते आहे? जिला त्या जमिनीतली साडेतीन हात जागा सोडून काहीच मिळाले नाही, ती सांगते आहे. साक्षीदाराचा दाव्याच्या मालमत्तेत हितसंबंध नसला की त्याच्या शब्दाला वजन येते, हे वकिलांना ठाऊक असते. ते शेरिडनलाही ठाऊक आहे. बाप ही कथा सांगता, तर ती कैफियत झाली असती. मुलगी सांगते, म्हणून ती विलापिका झाली, आणि विलापिकेची उलटतपासणी घ्यावयास कोणाची जीभ वळत नाही.

मरणाच्या अतिरेकाविषयी थोडक्यात. प्रत्येक वळणावर माणसे मरतात, शेवटी शे ब्रेननही समुद्रकिनाऱ्यावर पोहोचून स्वतःला गोळी घालून घेतो, हे काहींना क्रूर वाटले, तर ‘खरी वाट अशीच होती’ असे म्हणून काहींनी त्याचे समर्थन केले. खरी वाट प्राणघातक होती यात संशय नाही. पण तिथले मरण बहुधा मुकाट आणि घाणेरडे होते. पटकीने, जुलाबाने, गाडीच्या चाकाखाली सापडून, हातातली स्वतःचीच बंदूक उडून आलेले होते. या स्थलांतराचा साक्षेपाने अभ्यास करणारे इतिहासकार जॉन उनरू यांनी 1840 ते 1860 या वीस वर्षांतल्या वाटेवरील हत्यांचा हिशेब लावला, तेव्हा मूळ रहिवाशांच्या हातून मेलेले प्रवासी 362 आणि प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ रहिवासी 426 असे आकडे निघाले. या वाटेवरून त्या काळात लाखो माणसे गेली, हे ध्यानात घ्या, आणि मग गेल्या पाऊणशे वर्षांत पडद्यावर किती बाण सुटले त्याची तुलना मनाशी करा. पटकीला नायक पुरत नाही, बाणाला पुरतो.

मंडळी, आता मी ज्यासाठी हा विषय घेतला त्या मुद्द्यापाशी येतो.

जखमी मुलीला घेऊन निघालेल्या जेम्स डटनला क्रो जमातीचा एक वृद्ध भेटतो. स्पॉटेड ईगल हे त्या पात्राचे नाव, आणि ग्रॅहम ग्रीन या थोर नटाने ते केले आहे. हा वृद्ध त्याला सुंदर खोऱ्याची वाट सांगतो आणि म्हणतो की सात पिढ्यांनंतर आमची माणसे उठतील आणि ही जमीन तुमच्याकडून परत घेतील. डटन उत्तर देतो की सात पिढ्यांनंतर खुशाल घ्या. या दृश्याने असंख्य प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणले, आणि कलादृष्टीने ते पाणी खोटे नाही. परंतु दिवाणी दृष्टीने येथे काय घडले, हे विचारण्याची मला परवानगी द्या. मूळ मालकाच्या प्रतिनिधीने, कोणतीही जबरदस्ती नसताना, दयाबुद्धीने, तोंडी, मुदतीच्या अटीवर कब्जा दिला! याहून स्वच्छ हक्क कोणत्या वारसाला हवा? न मोजणी, न सनद, न सैन्य. केवळ दोन सज्जनांमधील शब्द.

कागद मात्र निराळे सांगतात. 1868 साली फोर्ट लॅरमी येथे झालेल्या करारनाम्यान्वये यलोस्टोन नदीच्या पूर्वेचा आणि दक्षिणेचा विस्तीर्ण मुलूख क्रो लोकांना राखून दिला गेला; त्या खोऱ्यातील नदीचा पूर्व तीर त्यातच येत होता, आणि त्यांच्यासाठीची पहिली सरकारी कचेरी आजच्या लिव्हिंग्स्टनजवळच उभारली होती. पुढे खाणवाले आले, गुरेवाले आले, रेल्वेवाले आले. आणि 1882 च्या एप्रिलात क्रो मुलखाचा पश्चिमेकडील भाग सरकारजमा करण्याचा करार अमेरिकन काँग्रेसने मंजूर केला. म्हणजे स्पॉटेड ईगलने जी गोष्ट दान म्हणून दिली, ती आदल्याच वर्षी कागदोपत्री काढून घेतली गेली होती. रेल्वेची चूक प्रेक्षकांनी पहिल्याच आठवड्यात पकडली. ही चूक पकडणारा प्रेक्षक क्वचितच भेटतो, आणि जो भेटतो तो बहुधा मूळ रहिवाशांपैकी असतो; कारण त्या दाव्यात तोही वारसच आहे, फक्त दुसऱ्या पक्षाचा.

हे दोन वारस एकाच कथेपुढे बसले म्हणजे काय होते, याचा दाखला ‘1883’ च्या आधीचा आहे. ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ ही मालिका एनबीसीवर 1974 ते 1983 चालली, आणि दोन पिढ्यांच्या अमेरिकन मुलांनी तिच्यातला बाप आपला बाप मानला. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेच्या ज्या पुस्तकाचे नाव तिने घेतले, ते कॅन्सासातील ज्या घराविषयी आहे, ते घर इंगल्स कुटुंबाने 1869 च्या सुमारास कोठे बांधले होते? ओसेज जमातीच्या राखीव मुलखात, अद्याप विक्रीस न निघालेल्या जमिनीवर. आपल्या महसुली भाषेत याला अतिक्रमण म्हणतात. 1870 साली ओसेज लोकांना तो मुलूख सोडावा लागला आणि ती जमीन वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलर दराने देण्याचे ठरले. 2018 मध्ये अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने वाइल्डरबाईंच्या नावाचे पारितोषिक निराळ्या नावाने देण्याचा निर्णय केला, तेव्हा केवढा गदारोळ उठला! आमचे बालपण हिरावले, असे एका पक्षाने म्हटले. आमच्या बालपणात आम्ही ते पुस्तक वाचताना स्वतःला कोठे ठेवावे हेच आम्हाला कळत नसे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. हे साहित्याविषयीचे मतभेद आहेत काय? मला ते फेरफाराच्या नोंदीवरील हरकती वाटतात.

येथे कोणी विचारील की पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात बसून ही मालिका पाहणाऱ्या मराठी माणसाचे यात काय? दाव्यात तो तिऱ्हाईत, एल्सासाठी तो निर्वेध मनाने रडू शकतो. बव्हंशी हे खरे आहे. पण आपले जे बांधव मिनेसोटा किंवा ओहायोसारख्या प्रांतांत घर घेऊन स्थायिक झाले आहेत, त्यांनी घराच्या व्यवहाराच्या वेळी जुन्या हस्तांतरांची साखळी मागे मागे तपासली, तर ती एका सरकारी सनदेपाशी येऊन थांबते. सनदेच्या पूर्वी कोण होते ते त्या दप्तरात नसते. खरेदीदार निर्दोष असतो. साखळी मात्र तीच असते.

आता अखेरचा प्रसंग, जो ‘1883’ मध्ये नसून तिच्या पोटातून निघाला आहे. 15 डिसेंबर 2024 रोजी ‘यलोस्टोन’चा शेवटचा भाग प्रदर्शित झाला. करांच्या बोज्याखाली कुरण मोडीत निघण्याची वेळ आल्यावर जेम्सचा वंशज केसी डटन ती सगळी जमीन ब्रोकन रॉक या कल्पित राखीव मुलखाच्या लोकांना विकतो. दर? एकरी सव्वा डॉलर. हा दर लेखकाच्या मनाने काढलेला नाही. सरकारी जमीन वसाहतवाल्यांना द्यावयाचा एकोणिसाव्या शतकातील तो रूढ दर होता. होमस्टेड कायद्यातही पाच वर्षांची वहिवाट पुरी न करता, सहा महिन्यांनी रोख भरून सनद हवी असेल, तर हेच सव्वा डॉलर मोजावे लागत, आणि ओसेजांच्या जमिनीलाही हाच भाव लागला होता. सात पिढ्यांचा शब्द पाळला गेला, एल्साचा आवाज पुन्हा एकदा ऐकू आला, आणि प्रेक्षक दुभंगले. कोणी म्हणाले, याहून न्याय्य शेवट असूच शकत नाही. कोणी म्हणाले, एवढ्या माणसांनी एवढे रक्त सांडले ते काय शेवटी जमीन फुंकून टाकण्यासाठी? हा दुसरा अभिप्राय मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो आपला वारसा लपवीत नाही.

पहिल्या पक्षाला मात्र माझा एक प्रश्न आहे. त्या विक्रीला केसीने एक अट घातली आहे, आणि अश्रूंच्या भरात ती सहज निसटते : ही जमीन पुढे विकावयाची नाही आणि तिच्यावर बांधकामे उठवून तिचा विकास करावयाचा नाही. अट शहाणपणाची असेल. त्या खोऱ्याचे सौंदर्य तिनेच टिकेल, हेही खरे असेल. पण अट घातली कोणी, आणि कोणाला? सात पिढ्या जमीन वापरून झालेला वहिवाटदार, जाता जाता, मूळ मालकाला ती कशी वापरावी याचे निर्बंध लिहून देतो, वर सव्वा डॉलरप्रमाणे पैसेही वसूल करतो, आणि या व्यवहाराला परतफेड म्हणतात. परतफेडीत पैसे कोणत्या दिशेला जावयास हवेत? 1870 मध्ये ते वसाहतवाल्याकडून निघाले होते. 2024 च्या कथेत ते मूळ रहिवाशाकडून निघतात. आपल्याकडील कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात असा दस्त कोणी पुढे ठेवला असता, तर समोरच्या वकिलाने पहिली हरकत या कलमावर घेतली असती, आणि पक्षकाराला रडू आवरण्यास सांगून त्याने तो कागद पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतला असता.